मोटार टिकते, वंशावळीचे काय?

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांच्या स्वतंत्र नोंदणीचे नियम केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केले. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, असे त्यांचे स्वरूप आहे. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही त्याच वर्षी जाहीर झाल्याने संग्राहकांना हा मोठा दिलासा ठरला. मात्र जुन्या मोटारीचे मोल केवळ तिच्या वयात नसते.

इंदूरच्या होळकरांची उघड्या टपाची ड्युसेनबर्ग याची साक्ष देते. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात ती खास बनवून घेतली. सांगाडा व इंजिन अमेरिकेचे, तर बाह्यांग लंडनच्या गर्नी नटिंग यांचे. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतरच १५३.५ इंच, म्हणजे जवळपास पावणेतेरा फूट! सुपरचार्जर जोडलेल्या या इंजिनाची शक्ती ३२० अश्वशक्ती असल्याचा कंपनीचा दावा होता. भगवा व काळा रंग ल्यालेली ही मोटार एकमेव आहे. ड्युसेनबर्गचे उत्पादनच १९३७ मध्ये थांबले.

संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखेही गेले आणि राजघराण्यांच्या अनेक मोटारी परदेशी गेल्या. ही ड्युसेनबर्गही अमेरिकेतील संग्राहकांकडे पोहोचली. तरीही ती ओळखली जाते 'महाराजांची मोटार' म्हणूनच. मालकांची साखळी सिद्ध करता येते, म्हणूनच हे नाव आणि त्यासोबतचे मोल टिकून आहे.

आपल्या नियमांत वाहन मूळ स्वरूपात असावे, अशी अट आहे. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्याचसाठी ते रस्त्यावर आणता येते. मोटारीचा देह जपण्यासाठी हे योग्यच. पण जुनी नोंदणीपुस्तिका, खरेदीची पावती, विम्याचे कागद हे एकदा रद्दीत गेले की कोणतेही शुल्क भरून परत मिळत नाहीत.

हा प्रश्न केवळ राजवाड्यांचा नाही. गोंदियालगतच्या मुर्रीत एखाद्या अंगणात आजोबांच्या काळातील उघडी जीप उभी असेल, तर तिलाही हेच लागू पडते. रंगरंगोटीचा खर्च करण्याआधी घरच्यांनी जुनी ट्रंक उघडून पाहावी. पत्रा पुन्हा ठोकून घेता येतो. इतिहास नव्याने घडवता येत नाही.