सतरा मीटर तीन सेंटिमीटर

१९६० साली एका मनुष्याने १६.८१ मीटर उडी घेऊन ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. १९६४ साली १६.८५ मीटर, पुन्हा सुवर्ण. १९६८ साली तो १६.८९ मीटर गेला आणि सातवा आला. सारे आयुष्य आकड्यांच्या रांगा तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्याची नजर या तीन ओळींवर अडखळल्यावाचून राहत नाही. जमेची बाजू दर खेपेस बरोबर चार सेंटिमीटरने वाढत गेली आणि ताळेबंद निघाला तो असा!

हे खाते पोलंडच्या युझेफ श्मिट यांचे. खेळ तिहेरी उडीचा. धावत येऊन फळीवरून झेप घ्यायची, ज्या पायाने झेप घेतली त्याच पायावर उतरायचे, लगेच पुढचे पाऊल दुसऱ्या पायावर टाकायचे आणि तेथून वाळूत अखेरची उडी. पहिला टप्पा म्हणजे आपल्या अंगणातली लंगडीच. मात्र ती भरधाव वेगात आणि सुमारे सहा मीटरांची. उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एकट्या पायावर येतो. या खेळात गुडघे आणि घोटे लवकर झिजतात ते त्यामुळेच.

श्मिट यांचा जन्म २८ मार्च १९३५ चा, सायलेशियातील म्येहोवित्से या गावचा. कोळशाच्या खाणींचा तो मुलूख तेव्हा जर्मनीत होता. महायुद्धानंतर तो पोलंडकडे आला. घर तेच, माणसे तीच, सरकार मात्र दुसरे. त्या वेळी मुलगा दहा वर्षांचाच होता. त्यांच्या जर्मन आडनावाचे पोलिश पद्धतीचे स्पेलिंग पुढे जगभर छापले गेले.

१९५८ मध्ये स्टॉकहोमला ते युरोपचे विजेते झाले. त्यांचे प्रशिक्षक तादेउश स्ताझिन्स्की. त्या काळी रशियन खेळाडू पहिली झेप उंच घेत आणि ताकदीवर भर देत. श्मिट जमिनीलगत, सपाट झेपावत आणि धावण्याचा वेग शेवटपर्यंत जपून ठेवीत. व्यापारी मंडळींना हे वेगळे सांगायला नको: पहिल्याच व्यवहारात सारे भांडवल गुंतवले तर पुढच्या दोन व्यवहारांना हाती काय राहणार?

५ ऑगस्ट १९६० रोजी ओल्श्तिन या शहरात या हिशेबाचे उत्तर निघाले. साधारण सहा, पाच आणि सहा मीटरांचे तीन टप्पे, एकूण १७.०३ मीटर. आधीचा विश्वविक्रम रशियाच्या ओलेग फ्योदोसेयेव्ह यांचा, १६.७० मीटरचा. जेथे एकेका सेंटिमीटरसाठी वर्षे खर्ची पडतात, तेथे ही ३३ सेंटिमीटरची भर! सतरा मीटर ओलांडणारा हा पहिला मनुष्य. ‘सायलेशियाचा कांगारू’ हे नाव त्यांना मिळाले ते उगाच नव्हे. पुढच्याच महिन्यात रोममध्ये सुवर्ण, १९६२ साली बेलग्रेडला पुन्हा युरोपचे विजेतेपद आणि १९६४ साली, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली असताना, टोकियोत दुसरे सुवर्ण. मला विचाराल तर त्यांची सर्वांत मोठी उडी ओल्श्तिनची, पण सर्वांत मोलाची टोकियोची.

विक्रम आठ वर्षे टिकला. मग आले मेक्सिको सिटी. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच असलेल्या या शहरातली हवा विरळ, आणि राखमातीच्या धावपट्टीऐवजी ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम पृष्ठभाग. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी पात्रता फेरीतच इटलीच्या जेंतीले यांनी १७.१० मीटर उडी घेतली आणि श्मिट यांचा विक्रम मोडला. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत तो आणखी चार वेळा मोडला. जेंतीले १७.२२, सोव्हिएत संघाचे सानेयेव्ह १७.२३, ब्राझीलचे प्रुदेन्सिओ १७.२७ आणि अखेरीस पुन्हा सानेयेव्ह १७.३९. दोनदा विश्वविक्रम करूनही बिचाऱ्या जेंतीले यांच्या हाती कांस्य आले!

त्या अंतिम फेरीत पाच जण १७.०३ च्या पुढे गेले. सहावा १७.०२ वर थांबला, म्हणजे आठ वर्षांपूर्वी राखेच्या पट्टीवर उमटलेल्या खुणेहून एक सेंटिमीटर अलीकडे. तिसऱ्या ऑलिंपिकला आलेले तेहतीस वर्षांचे श्मिट सातवे. पण ऑलिंपिकमधली त्यांची आजवरची सर्वांत लांब उडी हीच. भाव बदलला की तोच माल त्याच दुकानात निराळ्या किमतीला जातो, हे आपण रोज पाहतो. माल मात्र खोटा नव्हता.

१९७५ साली ते पश्चिम जर्मनीत स्थलांतरित झाले. जन्मले तेव्हा ज्या देशाचे नागरिक होते, त्याच्याच एका भागात चाळिशीत पुन्हा नव्याने बिऱ्हाड मांडायचे, आणि दोन सुवर्णपदके मात्र पोलंडच्या नावावर! कोणत्या खात्यात कोणती नोंद करावी, हे त्यांनाही सोपे गेले नसावे. पुढे ते पोलंडला परतले. सायलेशियात नव्हे, तर उत्तरेकडे पोमेरेनियात, द्राव्स्को परिसरात शेतावर राहिले. जुलै २०२४ मध्ये, पॅरिसचे ऑलिंपिक सुरू असताना, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पॅरिसमधली तिहेरी उडीची स्पर्धा तेव्हा व्हायची होती.