‘देअर’खाली लाल रेघ

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा इंग्रजी निबंध तपासून देत होते. तिनं लिहिलं होतं, ‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग देअर बुक.’ मी ऐटीत ‘देअर’खाली लाल रेघ मारली आणि वर ‘हिज’ लिहिलं. स्टुडंट एकवचनी, मग सर्वनामही एकवचनी. शाळेपासून हेच घोकलंय. तिनं वहीकडे बघत विचारलं, “अक्का, मग ह्यात मी कुठं आहे?”

मला उत्तर सुचेना. घरी येऊन शोधत बसले.

एकवचनी ‘दे’ हे आजकालचं फॅड, असं मला वाटायचं. पण ऑक्सफर्ड शब्दकोशातला त्याचा दाखला १३७५च्या सुमाराचा आहे! शेक्सपिअरनं तो वापरलाय, जेन ऑस्टेननं तर कितीदा. ‘ही’ म्हटलं की त्यात बायका आल्याच, हा नियम १८व्या शतकातल्या व्याकरणाच्या पुस्तकांनी रुजवला. १८५० साली ब्रिटिश पार्लमेंटनं कायद्यांच्या भाषेसाठी तसं लिहूनच ठेवलं, आणि आपल्याकडे १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येही ते आलं. इंग्रजी मिस्सात क्रीड म्हणताना आम्ही अजूनही ‘मेन’ म्हणतो आणि त्यात स्वतःला धरून घेतो. म्हणजे वापर जुना, नियमच नवा. ‘यू’सुद्धा मूळचं अनेकवचनी, एकट्याला ‘दाऊ’ म्हणत. आज एका माणसाला ‘यू आर’ म्हणताना कुणाला खटकतं का?

आपण मराठी बोलणाऱ्यांनी तर नाक मुरडूच नये. ‘सर आले, ते वर्गात आहेत.’ सर किती? एकच की! मान द्यायचा म्हणून आपण अनेकवचन वापरतो. मग एखादी व्यक्ती म्हणाली, मला ‘ही’ नको, ‘शी’ नको, ‘दे’ म्हणा. तर तेवढा मान द्यायला आपलं काय जातं?

आणि आम्ही बेळगावच्या मुली ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतच वाढलो. कन्नडमध्ये ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नसतं, त्या शेजाराचा हा परिणाम, असं सांगतात. लहानपणी पुण्यात मावशीकडे ‘मी आलो’ म्हटलं की सगळे हसायचे. हळूहळू मी तिथं बोलायचंच कमी केलं. या लेखात ‘होते’, ‘बसले’ लिहितेय. आईशी बोलताना ‘होतो’, ‘बसलो’च येतं. दोन्ही माझंच आहे.

नियम नकोत, असं माझं म्हणणं नाही. ज्या नियमानं अर्थ स्पष्ट होतो, तो पाळायचाच. परीक्षेत मार्क जाण्याची भीती असेल तर ‘हिज ऑर हर’ लिहा, नाहीतर ‘ऑल स्टुडंट्स’ करून मोकळे व्हा. पण ज्या नियमानं समोरचं माणूस वाक्यातून बाहेर पडतं किंवा बोलायचंच बंद होतं, तो लावण्याआधी लाल पेन क्षणभर खाली ठेवावं.

दुसऱ्या दिवशी मी तिची वही परत मागून घेतली आणि ‘हिज’ खोडलं. ‘देअर’खालची रेघ मात्र काही केल्या पुसली गेली नाही.