ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारांत वजन का वाढतं? 'तब्येत सुधारली' म्हणून त्याकडे दुर्लक्ष का करू नये?

कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खंगलेला माणूस येतो. त्यामुळे घरात कुणाला ब्रेस्ट कॅन्सर झाला की सगळ्यांचा सूर एकच, 'भरपूर खा, ताकद येईल.' भेटायला येणारे सुकामेव्याचे लाडू आणतात, घरी तुपातला शिरा होतो. वजन वाढलं की 'तब्येत सुधारली' म्हणून सगळे निर्धास्त होतात.

पोट, अन्ननलिका किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वजन घटणं ही खरंच मोठी अडचण असते. ब्रेस्ट कॅन्सरचं गणित मात्र अनेकदा उलटं असतं. इथे बऱ्याच जणींचं वजन उपचारांदरम्यान आणि नंतरही वाढत जातं.

हा प्रश्न छोटा नाही. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ब्रेस्ट कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची नोंद झाली. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगतं की, देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के महिलांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २३ टक्के, तर गोव्यात ३६ टक्के आहे.

चरबीचा आणि ब्रेस्ट कॅन्सरचा संबंध काय?

पाळी थांबल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन तयार होणं जवळपास बंद होतं. त्यानंतर ते मुख्यतः चरबीच्या पेशींमध्ये बनतं. तिथलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम इतर हार्मोन्सचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. ब्रेस्ट कॅन्सरच्या अनेक गाठी याच इस्ट्रोजेनवर वाढतात. शिवाय लठ्ठपणामुळे रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि शरीरात सतत सौम्य दाह राहतो. तोही कॅन्सरच्या पथ्यावर पडतो.

२०१४ मध्ये ८२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २ लाखांहून अधिक रुग्ण महिलांची माहिती होती. सामान्य वजनाच्या रुग्णांच्या तुलनेत लठ्ठ रुग्णांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू होण्याचा धोका सुमारे ४१ टक्के जास्त आढळला.

उपचार सुरू असताना वजन का वाढतं?

यात रुग्णाचा दोष शोधू नका. उलट्या आणि अॅलर्जी टाळण्यासाठी केमोथेरपीबरोबर स्टिरॉइड देतात, त्याने भूक वाढते. केमोमुळे अनेक तरुण महिलांची पाळी वेळेआधीच थांबते. थकव्यामुळे हालचाल कमी होते, स्नायू झिजतात आणि चरबी वाढते. त्यात मनावरचा ताण आणि अपुरी झोप.

वाढलेल्या वजनाचा आणखी एक त्रास म्हणजे काखेतल्या गाठी काढल्यानंतर हाताला येणारी सूज. लठ्ठ महिलांमध्ये तिचं प्रमाण जास्त असतं.

जाड रुग्णाला केमो कमी द्यावी का?

नाही. दुष्परिणामांच्या भीतीने लठ्ठ रुग्णांचा डोस कमी ठेवण्याची पद्धत बराच काळ होती. पण केमोचा डोस रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनानुसार पूर्ण द्यावा, अशी शिफारस अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०१२ मध्ये केली. डोस अपुरा पडला तर उपचारही अपुरे पडू शकतात. 'माझा डोस प्रत्यक्ष वजनावर ठरवलाय ना?' हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मग लगेच डाएट सुरू करायचं का?

केमो सुरू असताना उपाशी राहणं, रिल्स बघून किटो करणं किंवा मनाने वजन घटवायची इंजेक्शनं घेणं धोक्याचं ठरू शकतं. या काळात शरीराला प्रथिनं लागतात. साखर आणि तळकट कमी, डाळी, अंडी, दही, भाज्या जास्त, असं साधं सूत्र बहुतेकींना चालतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज चालायला सुरुवात करावी. आणि वजन वाढेल या भीतीने हार्मोनची गोळी परस्पर बंद करू नये. कॅन्सर परतू नये म्हणूनच ती ५ ते १० वर्षं घ्यायची असते.

'वजन कमी केलं की कॅन्सर परत येणारच नाही' असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण आटोक्यातलं वजन मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकारापासून वाचवतं, हे पक्कं आहे. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या महिलेलाही हे आजार गाठतातच.

जबाबदारी एकट्या रुग्णाची आहे का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून खाण्यातलं तेल १० टक्के कमी करायचं आवाहन केलं. दर ऑक्टोबरमध्ये गुलाबी रिबिनींसह ब्रेस्ट कॅन्सरची जागृती होते. पण या दोन्ही मोहिमा ज्या बाईपाशी येऊन मिळतात, तिच्या हातात मात्र फक्त गोळ्यांची चिठ्ठी असते. आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला हा उपचारांचाच भाग असायला हवा. तोवर घरच्यांनी एवढं तरी करावं, लाडवांचा डबा बाजूला ठेवून तिच्यासोबत संध्याकाळी चालायला जावं.