दोन डॉक्टर आणि मधला पोस्टमन

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडपासून चार पावलं चाललात की एक पाटी हमखास दिसते. वर नवऱ्याचं नाव, खाली बायकोचं. तो फिजिशियन, ती स्त्रीरोगतज्ज्ञ. तळमजल्यावर दवाखाना, वर घर. आता या पाटीवर जरा वेगळी जोडी डोळ्यांसमोर आणा. बायको मेंदूविकारतज्ज्ञ, एमएसचे पेशंट बघणारी. नवरा बालरोगतज्ज्ञ, नव्या आयांना बाळाला अंगावर पाजायला मदत करणारा. काहीच्या काही कॉम्बिनेशन वाटतंय ना? मला मात्र तुमच्या-माझ्या वयाच्या मुलींसाठी ही जोडी फार गरजेची वाटते.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं आवरण कुरतडते. वायरचं प्लॅस्टिक सोलल्यावर करंट जसा नीट जात नाही, तसं होतं. हा म्हातारपणाचा आजार नाही बरं का! तो बहुतेकदा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिपटीने होतो. एका डोळ्याला अंधुक दिसणं, डोळा हलवताना दुखणं, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, आणि हे सगळं दिवसेंदिवस टिकणं. आपण काय म्हणतो? ‘मोबाइल कमी कर’, ‘स्ट्रेस घेतेस’, ‘बी-ट्वेल्व्ह कमी असेल’. कधी ते खरंही असतं, पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

आता समजा, तुमच्या एका मैत्रिणीला एमएस आहे आणि तिला दिवस गेलेत. गंमत अशी की गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, या आजाराचे झटके बऱ्यापैकी कमी होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र ते पुन्हा उसळी मारतात. १९९८मध्ये युरोपात झालेल्या मोठ्या अभ्यासाने हे दाखवून दिलं. म्हणजे बाळ अंगावर पीत असतं, नेमका तेव्हाच धोका वाढलेला असतो.

आणि इथेच गोंधळ सुरू होतो. मेंदूचे डॉक्टर म्हणतात, औषध लगेच सुरू करू, दूध बंद करा. बाळाचे डॉक्टर म्हणतात, सहा महिने आईचंच दूध, वर पाणीसुद्धा नको. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, न्यूरोवाल्यांना विचारा. बारा दिवसांची बाळंतीण फाइल काखेत मारून या तिघांची पोस्टमनगिरी करते. कुणीच वाईट नसतं हो, फक्त एकमेकांशी बोलत कुणी नाही.

खरं तर दरवेळी ‘औषध की दूध’ असा प्रश्नच नसतो. अंगावर पाजणाऱ्या एमएसच्या आयांमध्ये बाळंतपणानंतरचे झटके कमी दिसतात, असं अनेक अभ्यासांत आढळलंय. (आधीपासून आजार सौम्य असलेल्या बायकाच जास्त पाजत असतील, अशी शंकाही आहे. म्हणून दूध पाजणं हा एमएसवरचा इलाज समजू नका.) इंटरफेरॉन बीटा हे जुनं इंजेक्शन दुधात अगदी नगण्य उतरतं आणि २०१९पासून युरोपात ते स्तनपानाच्या काळात घ्यायला परवानगी आहे. झटका आला तर स्टिरॉइडची सलाइन देतात. त्यानंतर काही तास थांबून पाजलं तर बहुधा पुरतं. याउलट फिंगोलिमोड, क्लॅड्रिबिन, टेरिफ्लुनोमाइड चालू असेल तर अंगावर पाजू नये. म्हणजे उत्तर औषधागणिक बदलतं. आजार जोरात असेल तर औषध आधी, डबा-बाटली नंतर काय ते बघू; त्यात आईला कुणी अपराधी ठरवायचं कारण नाही. पण ‘बंद करा’ हे गुळगुळीत उत्तर फाइल न उघडता देऊ नये, एवढीच अपेक्षा.

घरचं तर विचारूच नका. बाळंतीण म्हटली की आपल्याकडे कढत पाण्याची आंघोळ, शेक-शेगडी, धुरी. एमएस असलेल्या बाईची लक्षणं उष्णतेने वाढतात: नजर अंधुक होते, पाय लटपटतात. अंग गार झालं की बहुधा ती पुन्हा पूर्वपदावर येतात, पण आजीला हे सांगणार कोण? डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल द्या, शेगडी तेवढी बाजूला ठेवा. हाताला मुंग्या असतील तर कुशीवर झोपून पाजता येतं. रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर बाळाच्या बाबाने उरकलं तर तिला सलग चार तास झोप मिळते. एमएसमधला थकवा फार वाईट असतो, साधी दमणूक नव्हे ती.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९पासून दूधपेढी आहे. एमएस पेशंटसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८५पासून आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे. या सगळ्याला जोडणारी एक अपॉइंटमेंट तेवढी नाही. प्रत्येक गावात न्यूरो-बालरोग जोडपं मिळणार नाही, कबूल. पण त्या जोडप्याचं जे बोलणं रात्री जेवताना सहज होईल, ते दोन वेगळ्या डॉक्टरांना सातव्या महिन्यात दहा मिनिटांच्या फोनवर का जमू नये?

तुमची बहीण, वहिनी, मैत्रीण या जागी असेल तर तिला धीर देत बसण्यापेक्षा एक काम करा. बाळंतपणाची तारीख, औषधाचं नाव, शेवटचा डोस कधी घेतला आणि ‘मला अंगावर पाजायचंय’ किंवा ‘नाही पाजायचं’, हे एका कागदावर लिहा. दोन्ही डॉक्टरांचे नंबर त्याखाली टाका आणि पुढच्या तपासणीला जाताना कागद तुम्हीच हातात ठेवा.