हवा किती मारू?

गेल्या दसऱ्याला नाशिकच्या एका शोरूमसमोर भाच्याच्या नव्या पिकअपची पूजा झाली, तेव्हा मी हजर होतो. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, आरशांना झेंडूचे हार आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू. भाच्याने गाडी हात-दोन हात पुढे घेतली, लिंबे चिरडली, सेल्समनने टाळ्या वाजवल्या आणि पेढे वाटले गेले. चाकांकडे त्या दिवशी आम्हा सगळ्यांचे लक्ष गेले ते त्या लिंबांपुरतेच.

केबिनमध्ये भाचा, मधे माझी धाकटी बहीण आणि दाराशी मी, असे आम्ही गावाकडे निघालो. गाव दिंडोरी तालुक्यात. डांबरी रस्ता होता तोवर ठीक चालले होते. पुढे पहिल्याच गतिरोधकावर गाडी अशी उडाली की बहिणीने माझा दंड धरला तो गावापर्यंत सोडला नाही. तिच्या मणक्याचे ऑपरेशन झालेले आहे. खड्डा सोडाच, रस्त्यावर पडलेला मक्याचा दांडासुद्धा आम्हाला बसल्या जागी कळत होता. शेवटी ती म्हणाली, "दादा, यापेक्षा आपली एसटी बरी रे!" दहा लाखांच्या आसपासच्या गाडीला पहिल्याच दिवशी मिळालेले हे प्रशस्तिपत्रक. भाचा वरमला. "मामा, नव्या गाडीचे पाटे कडकच असतात. माल पडला की बसतील."

त्याचे निम्मे बरोबर होते. पिकअपच्या मागच्या बाजूला असतात ते पोलादी पाटे माणसांच्या सुखासाठी बनवलेले नसतात, ते टन-सव्वा टन माल पेलण्यासाठी असतात. हौदा रिकामा असला की त्यांना वाकायला कारणच मिळत नाही आणि मग रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ वर येतो. पण उरलेले निम्मे कारण चाकांत होते. कारखान्यातून निघालेल्या गाड्या यार्डात दिवसेंदिवस उभ्या असतात. टायर एकाच जागी चपटे पडू नयेत म्हणून त्यांत हवा अनेकदा जास्तच ठेवलेली असते. गिऱ्हाइकाच्या हाती गाडी देताना ती बेताची करायची असते. आमच्या पूजेच्या गडबडीत ते राहून गेले. दुसऱ्या दिवशी मोजली तेव्हा चारी चाकांत ६५ पॉइंट हवा निघाली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर पुढच्या चाकांना ३५ आणि मागच्यांना रिकाम्या गाडीला ४०, भरलेल्या गाडीला ६० असे स्वच्छ छापलेले होते. इंग्रजीत, आणि माझ्या चष्म्यालाही जेमतेम वाचता येईल अशा अक्षरांत.

मी ते आकडे भाच्याला वाचून दाखवले आणि नाशिकला परतलो. इथे माझी चूक झाली. आकडे सांगितले, कारण सांगितले नाही.

भाचा पंक्चरवाल्याकडे गेला. गाडी उडते म्हटल्यावर पंक्चरवाल्याने व्हॉल्व्हमध्ये खिळा दाबून चारी चाकांची हवा सोडली, अंगठ्याने दाबून पाहिले, एकेक लाथ मारली आणि सांगितले, "आता बघा, गादीवानी चालंल." गाडी खरोखरच गादीसारखी चालू लागली. बहीणही खूष. पाचव्या दिवशी टोमॅटोचा तोडा होता. वीस-वीस किलोची ६५ कॅरेट त्याच गाडीत भरली गेली आणि गाडी पिंपळगाव बसवंतच्या बाजाराला निघाली. कामानिमित्त मी तिथेच होतो. भाचा लिलावाच्या रांगेत उभा असताना मी सहज मागच्या चाकाकडे पाहिले. टायरची कड जमिनीलगत लाटेसारखी बाहेर आली होती. मी हात लावला आणि चटकन काढून घेतला. गेज मागवून मोजले, तेव्हा त्या तापलेल्या टायरमध्येही ३२ पॉइंटच होते. म्हणजे सकाळी, गार असताना, ते त्याहून कमी असणार.

मला तिथे घाम फुटला, त्याला कारण आहे.

१९९५ साली मी तालुक्याच्या गावातल्या एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो. एका तरुणाला मी भाजीपाल्याच्या वाहतुकीसाठी पिकअपचे कर्ज मंजूर केले होते. त्याची फाईल आजही डोळ्यांसमोर आहे. कोटेशन, मार्जिन मनी, दोन जामीनदार, सात-बारा, विमा, आर.सी. बुकावर बँकेच्या बोज्याची नोंद, सगळे चोख. वाशीला फ्लॉवर नेताना एका रात्री कसारा घाटात त्याचा मागचा टायर फुटला आणि गाडी कलंडली. तो वाचला. मागे मालावर झोपलेला सतरा वर्षांचा क्लीनर वाचला नाही. विम्याच्या कागदांत अपघाताचे कारण म्हणून 'टायर फुटल्याने' असे लिहून आले, मी शिक्का मारला आणि कागद पुढे पाठवले. टायर का फुटला, हे मी विचारले नाही. आपण विचारतच नाही. वीज पडते तसा टायर फुटतो, अशी आपली समजूत. (माझ्या दोन कादंबऱ्यांत अपघात आहेत, दोन्हींत टायर फुटतो. लेखकालाही ते सोयीचे असते, कोणाला दोषी धरावे लागत नाही.) वर्षभराने वसुलीसाठी गेलो असता तोच तरुण आपण होऊन बोलला. रिकाम्या परतीला गाडी फार हाणते, म्हणून त्याने आठवडाभर हवा कमी ठेवली होती. भरताना वाढवायची राहून गेली.

आपल्याला वाटते की गाडीचा भार टायरचे रबर पेलते. रबर ही पिशवी आहे, भार पेलते ती आतली कोंडलेली हवा. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड, एवढाच त्या 'पॉइंट'चा अर्थ. मागच्या एका चाकावर रिकाम्या गाडीचा तीनशे किलोच्या आसपास भार असतो, भरलेल्या गाडीचा साडेआठशेच्या घरात जातो. ६० पॉइंटला हिशेब केला तर रिकामी गाडी प्रत्येक मागच्या चाकाने अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्याच जागेवर टेकलेली असते, भरलेली दीड पोस्टकार्डावर. अर्ध्या पोस्टकार्डावर उभी असलेली गाडी उडणार, ब्रेक दाबला की घसरणार आणि टायर मधोमध झिजणार. उलट भरलेल्या गाडीत हवा कमी असेल तर टायरची कड प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, वाकते आणि सरळ होते, मिनिटाला शेकडो वेळा. तार वाकवून वाकवून तोडताना ती कशी तापते, ते लहानपणी सगळ्यांनी पाहिलेले आहे. टायरच्या आत तेच चालते, फक्त ते दिसत नाही. बाहेरून गादी, आतून भट्टी.

हवेच्या टायरचा जन्मच मुळी सुखाने बसता यावे म्हणून झाला. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये तो केला, तो आपल्या मुलाची तीनचाकी खडखडाट न करता चालावी म्हणून. (त्याच्या चाळीस-एक वर्षे आधी रॉबर्ट थॉमसनने तसले पेटंट घेतले होते, पण त्याला कोणी विचारले नाही.) तेव्हा आराम मागणे हा काही गुन्हा नव्हे. फक्त त्याची किंमत कुठून वसूल होते, ते पाहावे लागते. अमेरिकेत फोर्डची एक्स्प्लोरर नावाची गाडी होती, त्यांच्याच रेंजर पिकअपच्या सांगाड्यावर उभी केलेली. तिच्या फायरस्टोन टायरांत फोर्डने २६ पॉइंट हवा सांगितली होती, टायरवाल्यांचे म्हणणे होते ३० हवी. टायरांचे थर सुटून गाड्या उलटू लागल्या. २००० च्या ऑगस्टमध्ये ६५ लाख टायर परत बोलावले गेले. मृतांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली. दोष टायरच्या बनावटीचा की गाडीचा की त्या चार पॉइंटांचा, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या आणि जवळपास शतकाचा संबंध तोडून मोकळ्या झाल्या. पण त्या प्रकरणातून तिथे कायदा झाला आणि हवा कमी झाली की चालकाला इशारा देणारे यंत्र २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांत सक्तीचे झाले.

आपल्याकडे मला यंत्राआधी साध्या गोष्टी हव्या आहेत. दाराच्या चौकटीवरचा तो कागद महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालवाहू गाडीवर मराठीत का नसावा? पिकअप चालवणारा मुलगा दहावीपर्यंत मराठीत शिकलेला असतो. गाडी ताब्यात देताना सेल्समन टेप कसा लावायचा ते दहा मिनिटे समजावतो, हवेसाठी दोन मिनिटे देत नाही. आणि आम्ही बँकवाले? गाडी बँकेकडे तारण असते, तरी तीन-चारशे रुपयांचा हवा मोजायचा गेज कर्जाच्या कागदपत्रांत कुठे बसत नाही. मी अधिकारी असताना बसवला नाही, हेही इथेच सांगून टाकतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, म्हणूनच कदाचित तिची किंमत नाही. पंपावरचा पोरगा विचारतो, "हवा किती मारू?" आणि दहांतले नऊजण म्हणतात, "मार टाइट."

हा 'टाइट' कोण भोगतो? कांदा लागवडीच्या दिवसांत पहाटे रस्त्यावर उभे राहून पाहा. रिकाम्या पिकअपच्या पत्र्यावर पंधरा-वीस बाया दाटीवाटीने बसलेल्या असतात. मालाच्या गाडीत माणसे नेणे कायद्याला मंजूर नाही, हे नेणाऱ्याला ठाऊक असते आणि बसणारीलाही. दिवसभर वाफ्यात वाकायचे आणि जाता-येता साठ पॉइंटवरच्या पत्र्याने कंबर सडकून घ्यायची. माझ्या बहिणीने तक्रार केली, कारण गाडी तिच्या लेकाची होती. त्यांची तक्रार कोणापर्यंत जात नाही. मात्र त्यांच्यासाठी म्हणून कोणी अंदाजाने हवा सोडू लागला, तर माणसांनी भरलेली ती गाडी मला कसारा घाटाची आठवण करून देईल. कागदावरच्या आकड्यांच्या मधे अंगठ्याला आणि लाथेला जागा नाही.

पिंपळगावला त्या दिवशी माल उतरेपर्यंत आम्ही गाडी हलू दिली नाही. मागचे दोन्ही टायर रिमवरून उतरवून आतून पाहून घेतले. सुदैवाने धागा सुटलेला नव्हता. भाच्याने गेज विकत घेतला. आता तो सकाळी, टायर गार असताना हवा मोजतो, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये हवा फुगते आणि दर पाच-सहा अंशांना एक-दीड पॉइंट जास्त दाखवते. ते पाहून हवा सोडायची नसते, हेही त्याला आता ठाऊक आहे. भरायच्या दिवशी ६०, रिकामी राहायची असेल तर ४०. रोज कोण एवढी कटकट करणार, असे तो पहिले आठ दिवस म्हणाला. त्याने घरी एक छोटा कॉम्प्रेसर आणला आणि ती कुरकुर थांबली. रिकामी गाडी आता पूर्वीइतकी उडत नाही, पण पाटे ते पाटेच. बहीण अजूनही नाशिकला एसटीनेच येते.

मागच्या महिन्यात हौद्याच्या फळीवर नाव घालायला पेंटर आला होता. 'आई-वडिलांची कृपा' लिहून झाल्यावर भाच्याने त्याच्याकडून मागच्या चाकाच्या वर लाल रंगात लिहवून घेतले, 'रिकामी ४०, भरून ६०'. पेंटरने ब्रश थांबवून विचारले, "भाडं का हे, किलोमीटरचं?"