‘काही करत नाही हो तो!’

मराठीत काही वाक्ये अशी आहेत की ती कानावर पडताच माणसाने सावध व्हावे. ‘राग मानू नका, पण...’ हे त्यातले एक. दुसरे पुण्यातल्या टेकड्यांवर रोज सकाळी ऐकू येते : ‘काही करत नाही हो तो!’ हे वाक्य उच्चारणारे गृहस्थ साधारण पन्नास पावले मागे असतात, साखळी त्यांच्या हातात असते आणि साखळीच्या टोकाला जो प्राणी असायला हवा तो आपल्या रोखाने धावत येत असतो.

आमचा मोत्या रस्त्यावरून घरी आलेला गावठी कुत्रा. वर्षाचा असताना अशाच एका मोकळ्या सोडलेल्या, उंची जातीच्या पाळीव कुत्र्याने त्याला मानेला धरून लोळवले. तेव्हापासून दुसरे कुत्रे जवळ आले की मोत्या ताठ होतो, अंगावरचे केस उभे राहतात आणि तो भुंकून आकाशपाताळ एक करतो. बघणाऱ्याला वाटते, काय खुनशी जनावर आहे! वास्तविक तो भ्यालेला असतो. भ्यालेल्या प्राण्यापुढे पळणे आणि लढणे अशा दोन वाटा असतात. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याची पहिली वाट बंद असते. उरली दुसरी.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मेरी कव्हर जोन्स या बाईंचा १९२४ सालचा प्रयोग ठाऊक असेल. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरत असे. बाईंनी त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि ससा दुरूनच दाखवायचा, मग रोज थोडा थोडा जवळ आणायचा, असे करत त्याची भीती घालवली. मोत्यावर आमचा नेमका हाच उपाय चालू आहे. दुसरे कुत्रे लांब दिसले की त्याला उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळतो. पूर्वी शंभर पावलांवरून उसळणारा मोत्या आता चाळीस पावलांवर शांत उभा राहतो. या साठ पावलांना आम्हांला सात महिने लागले. (या काळात आमचे शेजारी आम्हांला ‘कुत्र्याला लाडावणारे’ म्हणू लागले आहेत. असो.)

पण पीटरच्या कथेतला एक तपशील वर्गात बहुधा सांगितला जात नाही. उपचार मध्यावर असताना तो आजारी पडून इस्पितळात गेला. तेथून परतताना दारातच एक मोठे कुत्रे त्याच्या अंगावर उडाले आणि कमावलेले बरेचसे पुन्हा गेले! टेकडीवर आमचे जे होते ते याहून वेगळे नाही. समोरचे कुत्रे खरोखरच काही करत नसेल. खेळायलाच येत असेल. मोत्याला ते कसे कळावे? शिवाय कुत्र्यांच्या जगातही शिष्टाचार असतो. भली कुत्री वळसा घेऊन, जमीन हुंगत, नजर चुकवत एकमेकांजवळ येतात. सरळ तोंडासमोर धावत येणे हा तिथे उद्धटपणाच समजला जातो.

‘मग तुमच्याच कुत्र्याला मुसके घाला,’ असा सल्लाही मिळतो. मुसक्याने समोरच्या कुत्र्याचे रक्षण होईल, मोत्याची भीती कशी जाईल? हातपाय बांधून माणसाला गर्दीत ढकलण्यासारखेच ते आहे. मोकळे धावणे ही कुत्र्याची गरज आहे हे मला मान्य आहे. ज्याचे कुत्रे एका हाकेसरशी, समोर दुसरे कुत्रे दिसत असतानाही, मागे फिरते त्याने ते खुशाल सोडावे. अशी कुत्री टेकडीवर मला आजवर दोन दिसली आहेत.

सर्वांत मला बोचतो तो निवाडा. जो भुंकला तो गुन्हेगार, जो अंगावर आला तो निष्पाप! महाभारताच्या आदिपर्वात सरमेच्या पिल्लाची गोष्ट आहे. जनमेजयाच्या सत्रात ते गेले. हविर्भागाकडे त्याने पाहिलेही नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला बडवले. सरमा जाब विचारायला गेली, तेव्हा कोणी तोंडातून शब्द काढला नाही.

कायदाही सरमेच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात, ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत; पण विचार आहे तो माणसाच्या जिवाचा आणि दुखापतीचा. मोत्याच्या साठ पावलांचा हिशेब त्यात कोठेच बसत नाही.

आणि भटकी कुत्री? त्यांच्याविषयी बरीच ओरड चालते, ७ नोव्हेंबर २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांच्या आवारांतून त्यांना हलवण्याचा आदेश दिला. चावऱ्या टोळ्या असतात, हे खोटे नाही. पण आमच्या वाटेवरच्या भटक्या कुत्र्यांची हद्द ठरलेली आहे. आम्ही रस्ता ओलांडला की ती दोनदा भुंकतात आणि पुन्हा अंग टाकतात. त्यांच्यामागे ‘काही करत नाही’ म्हणणारे कोणी नसते.