कपाटातील ग्रंथालय

शाळेत ग्रंथालय आहे काय, या प्रश्नाला तपासणीच्या वेळी ‘होय’ असे उत्तर मिळाले की विषय बहुधा तेथेच संपतो. त्यातील किती पुस्तके मुलांच्या हाती गेली, हे क्वचितच विचारले जाते.

वास्तविक कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीने प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, मासिके, सर्व विषयांची तसेच गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय आवश्यक ठरविले. ‘समग्र शिक्षा’ योजनेत २०१८ पासून ग्रंथखरेदीसाठी शाळेच्या स्तरानुसार ५ ते २० हजार रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूदही झाली. घोडे अडते ते खरेदीनंतर.

नांदेड जिल्ह्यातील बिलोलीसारख्या सीमावर्ती तालुक्यात याची झळ अधिक बसते. तेलंगणाला खेटून असलेल्या या भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. शाळेत मात्र मराठी. अशा मुलाला मराठीची गोडी लागण्यासाठी पाठ्यपुस्तक पुरेसे नाही. त्याला सोपी, सचित्र, शक्य तेथे द्विभाषिक पुस्तके हवीत. पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी केलेली यादी येथे जशीच्या तशी चालणार नाही.

दुसरी अडचण भीतीची. पुस्तके जडसंग्रह नोंदवहीत चढतात आणि एखादे हरवले तर भरपाई आपल्याच माथी येईल, या धास्तीने शिक्षक कपाटाला कुलूप लावतात. लहान जिल्हा परिषद शाळांत स्वतंत्र ग्रंथपाल नसल्याने किल्लीही मुख्याध्यापकांकडेच राहते. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी मात्र वर्षाला वापरल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी मानली आहे. हेच तत्त्व शालेय ग्रंथालयांना निःसंदिग्धपणे लागू केल्यास निम्मी कुलपे आपोआप उघडतील.

उरलेले काम नियोजनाचे आहे. वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक वाचनाची तासिका, वर्गातच पुस्तकांची पेटी, देवघेवीची नोंद ठेवणारे विद्यार्थी आणि वर्षअखेरीस न वाचल्या गेलेल्या पुस्तकांचा आढावा. यासाठी फारसा खर्च लागत नाही. लागते ती जबाबदारी सोपविलेली एक व्यक्ती. १५ ऑक्टोबरला ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा करून ही उणीव भरून निघत नाही.

ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा पहिला नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगितला होता. शिक्षण विभागाने खरेदीच्या पावत्यांऐवजी देवघेवीच्या नोंदी तपासण्यास आरंभ केला, तरच तो बिलोलीच्या वर्गापर्यंत पोहोचेल.